एक मात्रा जास्त झाली

मित्रांनो, जुना तर मी आहेच, पण त्याहून जास्त मी दोषी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा आधी जन्म सांगतात, मग सेवा, मग हाल, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की गप्प बसतात. माझी अडचण अशी, की हाल दुसऱ्यांचे झाले. नीलाबाई, तिची सासू नर्मदाबाई आणि नीलाबाईची लहानगी लेक आशा, या तिघींच्या घरात एका वर्षी चार महिने कंट्रोलची, म्हणजे रेशनची, ज्वारी आली नाही, आणि त्याचं कारण मी होतो. मी छत्री असतो तर फार तर कुणी भिजलं असतं. पण मी अर्थशास्त्राचा ग्रंथ आहे.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या छापखान्यात झाला. माझे लेखक नावाजलेले अर्थशास्त्री. त्यांचं नाव सांगत नाही. भले गृहस्थ आहेत, त्यांना यात ओढायला नको. देशात किती पिकतं, किती विणलं जातं, किती घडवलं जातं, याची त्यांनी आठ वर्षं खपून बेरीज केली. त्या बेरजेला देशातल्या माणसांनी भागलं, आणि दर डोई उत्पन्न किती पडतं आणि ते कसं वाढवावं हे सांगितलं. तो आकडा माझ्या एकशे पाचव्या पानावर आहे. तुम्हाला सांगत नाही. सांगितला की कुणीतरी आपला वाटा मागायला येतं, आणि पुस्तकाकडे सुटे नसतात.

माझ्या भावंडांनी नशीब काढलं. एक प्रत मंत्र्यांच्या टेबलावर गेली, एक कॉलेजात काचेच्या कपाटात बसली. वर्तमानपत्रांनी वाखाणणी केली. पुढारी भाषणांत माझं नाव घेऊ लागले. ज्यांनी मला वाचलं नव्हतं ते जास्त वेळा घेऊ लागले.

मात्र माझ्यात दोन तळटीपा आहेत. तळटीप म्हणजे लेखकाने पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेली कबुली. पहिली म्हणते, 'निजामाच्या मुलखातील खेड्यांची माहिती मिळू शकली नाही. ती शेजारच्या वऱ्हाडासारखीच असेल असे धरले आहे.' दुसरी एकशे बत्तिसाव्या पानावर आहे. ती म्हणते, 'घरातील बायकांच्या कामाचे मोल बाजारात होत नाही, सबब ते धरलेले नाही.' हे छापलं गेलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. शाई ओली होती, मी लहान होतो.

सन चव्वेचाळीसच्या सुमाराला मी हिंगोली स्टेशनावर उतरलो. तिथून बैलगाडीत, गुळाच्या दोन ढेपांच्या मधे बसून, औंढ्याच्या पुढे तीन कोसांवरच्या एका गावच्या शाळेत आलो. मला मागवणारे तातेराव गुरुजी चोवीस वर्षांचे होते. मूळचे वसमतकडचे, या गावात नवे. त्यांना आकड्यांचा नाद होता. दोन ठिकाणी मुलगी पाहायला गेले आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी घराच्या आढ्याचे वासे मोजले, म्हणून लग्न ठरत नव्हतं. मी इंग्रजी आहे. तरी तुमच्याशी मराठीत बोलतो, कारण पुढची वर्षं मी तिसरीच्या वर्गात काढली.

गुरुजींनी मला पहिल्या पानापासून वाचलं आणि पहिल्या तळटिपेवर अडकले. ती त्यांनी तीनदा वाचली.

"म्हणजे आम्ही अंदाजपंचे आहोत," ते मला म्हणाले. "मी इथं हाडामांसाचा बसलोय, आणि या पुस्तकात मी वऱ्हाडासारखा!"

त्यांना ते फार लागलं. एक तरी गाव आपण घरोघर जाऊन नीट मोजायचं आणि ती यादी माझ्या लेखकांना पाठवायची, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती तळटीप काढतील, असं त्यांनी ठरवलं. हेतू इतका चांगला होता की मलाही अभिमान वाटला. चांगल्या हेतूची मला तेव्हापासून धास्ती आहे.

घरोघर मोजायचं तर सरकारी परवानगी हवी. गुरुजी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी परवाना तर दिलाच, वर एक अट घातली. यादीची एक नकल शुक्रवारपर्यंत कचेरीत यावी. कशासाठी, ते सांगितलं नाही. गुरुजींनीही विचारलं नाही, कारण आपल्या आकड्यांची कुणाला तरी गरज आहे हे ऐकून ते मनातल्या मनात रकाने आखू लागले होते.

परवाना उर्दूत होता. निजामाचं राज्य, सगळं उर्दूतच चालायचं. गुरुजींनी शाळेच्या पायरीवर उभं राहून तो दगडोबाला वाचून दाखवला. दगडोबा गावात हलगी वाजवून दवंडी देणारा. त्याचा आवाज तीन शिवारांत जायचा, म्हणून त्याच्या ऐकण्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"हर बाशिंदे की आमदनी फी कस लिखी जाएगी," गुरुजींनी वाचलं.

म्हणजे प्रत्येक रहिवाशाचं उत्पन्न 'फी कस' लिहिलं जाईल; 'फी कस' म्हणजे उर्दूत दर माणशी. माझंच दर डोई, उर्दूचा अंगरखा घालून आलेलं. पण दगडोबाला 'फी' माहीत होती ती भरायची फी. आणि 'कस' माहीत होता तो जमिनीचा.

"जमिनीच्या कसावर तं सरकार आधीच घेऊन राहिलंय की गुरुजी," तो म्हणाला. "पुन्ना कशाला घेईल?"

"अरे, तो कस नव्हे. तू आपला जसं लिहिलंय तसं सांग."

दगडोबाने मान डोलावली. साहेब लोक पान खात खात बोलतात, तेव्हा एखादी मात्रा गिळली जात असणार, असा त्याने तर्क केला. साहेबाची चूक चव्हाट्यावर यायला नको म्हणून ती मात्रा त्याने पदरची घातली. आणि त्या दिवशी गावाने ऐकलं,

"ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! आमदनीची फी केसावर लिवून घेनार हायेत हो! फी केस! गुरुजी घरोघर येतील हो!"

गाव ओट्यावर जमलं. संतराम नावाचा एक शेतकरी, वयाने मोठा, जरा शंकेखोर, तो म्हणाला, "केसावर? मंजी एकेक केस मोजून?"

"फी केस, असं साफ म्हनलं दगडोबानं."

"काहून पन?"

"सरकार हाय ते. झाडावर घेतंय, शेळीवर घेतंय. केसानं काय घोडं मारलंय?"

"अन् टकल्याला?"

"टकल्याला इनाम."

यावर हसू झालं. पण ते फार टिकलं नाही, कारण तोवर पहिला माणूस उठून ग्यानबा न्हाव्याकडे गेला होता. मग दुसरा गेला. मग रांग लागली. ग्यानबाने दीड दिवसात एकशे सत्तावीस डोकी उतरवली. मिशीबद्दल हुकुमात काही नव्हतं. ज्यांचा सरकारवर भरवसा होता त्यांनी ती ठेवली. सात जणांनी ठेवली. एरवी आपल्याकडे बाप गेला की डोकं करतात. त्या आठवड्यात गाव असं दिसत होतं, जणू सगळे एकाच बापाची लेकरं आणि तो बाप परवाच गेला.

ग्यानबाला प्रत्येक डोक्यामागे ओंजळभर ज्वारी मिळाली. मित्रांनो, माझ्या तिसऱ्या प्रकरणाप्रमाणे पाहिलं तर त्या दीड दिवसात गावाचं उत्पन्न वाढलं. त्याला प्रगती म्हणतात. माझी हीच शिकवण आहे, मी काय करू?

राहिल्या बायका. बाईचे केस कोण उतरवणार? तो विषयसुद्धा कुणी ओट्यावर काढेना. शेवटी संतरामनेच तोड काढली. "बाया न्हाईतच म्हनून सांगायचं. दिसल्या न्हाई तं मोजतो कशाला त्यो?"

यातलं गुरुजींना कुणी काही सांगितलं नाही. फी घ्यायला येणाऱ्याला कोण सांगतं? मलाही हे सगळं पुढे कळलं.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी घरोघर निघाले. बगलेत मी, हातात कागद. पहिलंच घर संतरामचं. त्याचं डोकं उन्हात पितळेच्या तांब्यासारखं चमकत होतं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मागे गल्लीत उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं आणि गावात उवा झाल्या असाव्यात असं समजून सभ्यपणे विषय टाळला.

"संतरामकाका, घरात डोई किती?"

"डोई एक. केस एकबी न्हाई."

"आणि द्वारकाकाकू?"

"कोन द्वारकाकाकू?"

आतून थपथप आवाज येत होता. बांगड्या वाजत होत्या.

"मग भाकरी कोण थापून राहिलंय?"

"मीच."

"तुम्ही तर इथं बसलात."

"व्हय," संतराम म्हणाला. "तवा तापस्तोवर बसलोय."

आतला आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा रागाने.

इथं कुणीही शहाणा माणूस हसला असता आणि आत डोकावला असता. गुरुजी डोकावणारही होते. पण त्यांनी मला उघडलं. माझ्या शेवटच्या परिशिष्टात, परिशिष्ट कमध्ये, चौथी सूचना आहे, 'माहिती घेणाऱ्याने समोरच्याने सांगितले तेच लिहावे. स्वतःची अक्कल मध्ये घालू नये.' गुरुजींनी ती बोटाने दोनदा वाचली आणि लिहिलं, 'पुरुष एक. स्त्रिया नाहीत.'

ते माझं वाक्य आहे. माझ्या जागी पंचांग असतं तर त्याने निदान मुहूर्त चांगला नाही म्हणून ते दार टाळलं असतं.

घर नंबर एकेचाळीस नीलाबाईचं. तिचा नवरा लढाईवर गेला होता. एक मनीऑर्डर आली, एक पत्र आलं, मग दोन वर्षं काहीच नाही. नीलाबाई कुंकू लावायची, केसांना तेल लावायची. तिची वेणी गुडघ्यापर्यंत पोचायची आणि गावातल्या पोरी तिला 'दोरवाली वहिनी' म्हणायच्या. शेजाऱ्यांनी तिला बजावलं होतं की दार लावून घे आणि चूप बस. कारण त्या घरात 'बाया नाहीत' असं सांगायला पुरुषच नव्हता.

गुरुजींनी कडी वाजवली. आत सामसूम. पुन्हा वाजवली. नर्मदाबाई म्हातारी होती, जुन्या वळणाची. दारात आलेल्या माणसाला उत्तर न देणं तिला जमेना.

"घरात कुनी न्हाई!" ती आतून ओरडली.

गुरुजी थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं, 'घर रिकामे. माहिती घरातूनच मिळाली.'

आत कुणीतरी लहान पोर हसल्यासारखा आवाज आला. तो त्यांनी लिहिला नाही. आवाजाला माझ्यात रकाना नाही.

बेरीज झाली. पुरुष एकशे सत्तावीस, लेकरं चौऱ्याऐंशी, स्त्रिया शून्य. गुरुजींनी बेरीज पुन्हा करून पाहिली. त्यांना ते पटलं नव्हतं. पुन्हा एक फेरी मारायची, बायांना विहिरीवर गाठायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण शुक्रवार आला. 'ही कच्ची यादी आहे, पक्की मागाहून पाठवतो' असं वर लिहून त्यांनी ती कचेरीत दिली. कारकुनाने वरची ओळ दुमडून यादी दप्तरात बसवली, कारण कागद दप्तरापेक्षा लांब होता. बायांशिवाय चौऱ्याऐंशी लेकरं झालेलं गाव पाहून माझ्या लेखकांना घेरी आली असती. कारकुनाला आली नाही. त्याने शिक्का मारला.

गुरुजी विहिरीवर गेले तेव्हा बाया घागरी टाकून पळाल्या. दोनदा पळाल्या. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गुरुजी वसमतला गेले. पक्की यादी कच्चीच राहिली.

ते वर्ष वाईट होतं. पिकलं थोडं, त्यातलं सरकारने लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, नेलं. वैशाखात हुकूम आला की गावोगाव महिन्याला माणशी बारा शेर ज्वारी सस्त्या भावाने मिळेल. माणसं किती? कचेरीकडे आमच्या गावाची एकच यादी होती.

ज्वारीचं दुकान उकंडरावांकडे दिलं होतं. उकंडराव अक्षरओळख असलेले, कागदाला फार मानणारे. नीलाबाई टोपली घेऊन रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा त्यांनी कागदावर बोट फिरवलं.

"तुमच्या घरात कोनी न्हाई, वैनी."

"मी हाय की. ही इथं उभी हाय."

"तुमी हायसा. पन घरात कोनी न्हाई."

"मंग मी कुठून आले?"

उकंडरावांनी कागद उलटून पाहिला. "ते न्हाई लिवलं," ते म्हणाले.

बाकीच्या घरांत बाईचा वाटा आला नाही, पण पुरुषांचा आणि लेकरांचा आला. त्यातच भागवलं. म्हणजे बाया कमी जेवल्या. नीलाबाईच्या घरात काहीच आलं नाही. गावाला आता कळलं होतं की नाव लिहून घेण्यात फायदा होता. पण सांगायला जावं तर बायांच्या केसांची फी आलीच, आणि वर खोटं बोलल्याचा दंड! एवढाल्या वेण्यांची फी कुठून द्यायची? सगळे चूप बसले. मृग कोरडा गेला. रानात तणही उगवलं नाही, म्हणून खुरपणीची मजुरीही नाही. नर्मदाबाई आपली अर्धी भाकर आशेला द्यायची आणि मला भूक न्हाई म्हणायची.

द्वारकाबाई, म्हणजे संतरामच्या घरात नसलेली ती, पदराखालून दोन भाकरी नीलाबाईकडे पोचवायची. यादीत नसलेल्या बाईने यादीत नसलेल्या बाईला भाकरी दिली. माझ्या चारशे पानांत या व्यवहाराची कुठेही नोंद बसत नाही. मी शोधून पाहिलं आहे.

ज्येष्ठात शाळा उघडली. तिसऱ्या दिवशी, पोरं सतराचा पाढा म्हणत असताना, नीलाबाई दारात आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. हातात फडक्याची गुंडाळी.

"फी आनलीय, गुरुजी," ती म्हणाली. "लिवून घ्या नाव."

"नीलाबाई, शाळेला फी नाही. आशेला खुशाल पाठवा."

"शाळेची न्हाई. केसाची."

तिने फडकं सोडलं आणि आतलं टेबलावर ठेवलं. टेबलावर मी होतो. म्हणून ती वेणी माझ्यावर आली. पूर्ण वेणी, तेल लावलेली, शेवटाला लाल दोरा. तिच्या शेजारी पांढऱ्या केसांचा एक लहानसा झुपका.

पोरांचा पाढा सतरा सातेवर थांबला.

"हे माझे. ह्ये सासूचे. म्या नको म्हनलं तिला, तं म्हनली एकटीनं काहून भरायची फी, माझे बी घाल. पांढरे चालत नसतील तं तसं सांगा. लेकीचे लहान हायेत अजून, तिची फी पुढल्या साली देते. तिघींची नावं लिवा. मोजून घ्या, एकबी ठिवला न्हाई म्या."

 नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावणाऱ्या बाईने केस कापले म्हणजे काय, हे गुरुजींना ठाऊक होतं. तिलाही होतं.

"कोण म्हणालं तुम्हाला, केसाला फी आहे म्हणून?"

"तुमीच. दवंडी दिली की. फी केस."

गुरुजींनी ते दोन शब्द हळूच स्वतःशी म्हणून पाहिले. एकदा मात्रेसह, एकदा मात्रेशिवाय. मग ते खुर्चीत बसले, आणि खुर्चीवर खडू होता तरी उठले नाहीत.

"फी नाही हो, नीलाबाई," ते म्हणाले. "फक्त माणसं मोजायची होती."

 नीलाबाईने वेणीकडे पाहिलं.

"मंग मोजली काहून न्हाई?" ती म्हणाली.

मला उत्तर माहीत होतं. परिशिष्ट क, सूचना चार. पण ते तिच्या वेणीखाली होतं.

त्या दुपारी दगडोबाने हलगी काढली. तो रडत होता, त्यामुळे ताल चुकत होता. "ऐका हो ऐका! मागल्या दवंडीतली एक मात्रा परत घेतली हो! केसाला फी न्हाई हो! बाया हायेत त्यांनी हाय म्हनून सांगा हो!" गावातली प्रत्येक बाई दारात येऊन उभी राहिली आणि आपलं नाव स्वतः सांगू लागली. द्वारकाबाईने तर संतरामकडे बघत बघत दोनदा सांगितलं. गुरुजींनी दोन दिवसांत नवी यादी केली. या वेळी मला शाळेतच ठेवलं होतं. ते बरं केलं.

यादी घेऊन गुरुजी कचेरीत चालत गेले. तिथं कळलं की यादीतला बदल वरून मंजूर होऊन यावा लागतो. गुरुजी आषाढात चार वेळा गेले. आपल्या पगारातली पायलीभर ज्वारी ते नीलाबाईच्या दाराशी ठेवून यायचे. नीलाबाई ती घ्यायची. ती मानी होती, पण मूर्ख नव्हती.

श्रावणात नर्मदाबाई गेली. ताप होता, वय झालं होतं, असं लोक म्हणाले. तेही खरं असेल. मी आकड्यांचा ग्रंथ आहे, मला अर्ध्या भाकरीची बेरीज तेवढी येते, आणि ती मी रोज करतो.

भाद्रपदात मंजूर यादी आली. घर नंबर एकेचाळीस. नीलाबाई, आशा, नर्मदाबाई. शाई ठळक, अक्षर वळणदार. माणशी बारा शेर.

नीलाबाई पुन्हा शाळेत आली. केस बोटभर वाढले होते, पदरातून बाहेर यायचे. "सासूचं नाव काढा," ती म्हणाली.

गुरुजी खाली बघून बोलले. "राहू द्या, नीलाबाई. कुणी विचारणार नाही. दर महिन्याला बारा शेर येतील. सरकार तुमचं चार महिन्यांचं देणं लागतं, असं समजा."

"ती हाय तवा तुमी 'कुनी न्हाई' लिवलं. आता ती न्हाई, तं 'हाय' म्हनून लिवता. गुरुजी, तुमचा कागद काहून असा उलटा चालून राहिलाय?"

गुरुजींनी यादी आपल्याकडे ओढली.

"अन् तिच्या नावाची ज्वारी मी दळायची? घास उतरंल का माझ्या पोरीच्या गळ्याखाली? काढा तुमी."

गुरुजींनी लेखणी घेतली. नावावर रेघ मारायला हात पुढे केला.

"थांबा," नीलाबाई म्हणाली. "काढा, पन असं नका काढू की ती कदी नव्हतीच."

ते कसं करायचं, हे कचेरीच्या कागदात कुठे बसेना. त्यात माणूस असतो किंवा नसतो.  गुरुजींनी रेघ मारली, आणि मला पुढे ओढलं. एकशे बत्तिसावं पान उघडलं, ती दुसरी तळटीप जिथं आहे ते. शाई झिरपेल म्हणून पेन्सिल घेतली.

"काय काय करायच्या त्या? सांगा."

नीलाबाई सांगत गेली आणि गुरुजी माझ्या समासात लिहीत गेले. 'नर्मदाबाई. या गावात होती. पहाटे दळायची. पाणी दोन खेपा. सुनेला कधी वाकडं बोलली नाही, एकदा सोडून. नात सांभाळायची. शेण्या थापायची. वैशाख ते श्रावण रोज अर्धी भाकर नातीला दिली.' समास संपला म्हणून शेवटची ओळ उभी लिहिली आहे.

माझ्या लेखकांना गुरुजींनी ती यादी कधीच पाठवली नाही.

आता अठ्ठेचाळीस साल सरत आलं. निजामाचं राज्य गेलं, शाळेवर नवा झेंडा आला. मागच्या महिन्यात एक तपासनीस आले होते. मला पाहून ते हरखले. "अरे वा! हा तर फार मोलाचा ग्रंथ. देशाची पुढची सगळी वाढ याच्या आधाराने व्हायची. जपा हं!" असं म्हणून त्यांनी बोट जिभेला लावलं आणि माझी पानं उलटत गेले. एकशे पाचवर थांबून मान डोलावली. एकशे बत्तीसवरून पुढे गेले. त्यांच्या ओल्या बोटाखाली 'पहाटे दळायची'मधला 'पहाटे' फिसकटला. आता तिथं राखाडी डाग आहे. ती कधीही दळायची, असं वाटेल वाचणाऱ्याला. ती पहाटेच दळायची.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकू नका, मला कापडी कव्हर नको, मला काचेच्या कपाटाची हौस नाही. माझी शिवण उसवली आहे, ती तशीच असू द्या. आकडे वाचायचे तर जरूर वाचा, त्यातले बरेचसे बरोबर आहेत. फक्त एकशे बत्तिसाव्या पानाशी आलात की बोट कोरडं ठेवा.